उलट्या लवेवरचा काळा

"ब्रश रेषेकडून काळ्याकडे न्यायचा, सूनबाई. परत आणताना उचलून आणायचा, घासत नाही आणायचा. कापडाची लव एकदा दुखावली की दिवसभर रुसून बसते."

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ब्रश हातात घेतला की वहिनींच्या कानात आधी हे बोलणं उमटायचं आणि मगच हात हलायचा. दुसऱ्या घरांत नव्या सुनेला डबे कुठे ठेवतात ते दाखवतात. या घरात तिला जिना चढवून वर नेलं आणि सहा स्नूकर टेबलं दाखवली. खाली सायकलींचं दुकान, वर मामंजींचा हॉल, आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला लावतात त्या खडूची निळी पूड भाकऱ्यांच्या पिठातही येते की काय, अशी सासूबाईंची कायमची तक्रार.

स्नूकरच्या टेबलावरचं हिरवं कापड लोकरीचं. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागतं आणि उलटा फिरवला तर केस उभे राहतात, तसंच त्याचं. टेबलाच्या एका टोकाला पांढऱ्या बॉलची आडवी रेषा, दुसऱ्या टोकाला काळ्या बॉलचा ठिपका, आणि लव नेहमी रेषेकडून काळ्याकडे. आडवा आणि अगदी हळू मारलेला बॉल त्या लवेबरोबर किंचित काळ्याच्या टोकाकडे झुकतो. बघणाऱ्याला दिसतही नाही, पण खेळणारा नेम धरतानाच तेवढा केसभर फरक सोडून मारतो. विचार करून नव्हे. पायरी उतरताना आपण पायाला सांगत नाही, तसंच.

हे सगळं वहिनींना लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं, आणि त्याच हिवाळ्यात ती स्पर्धा सुरू झाली.

आता तिचं नाव मोठं आहे. देशोदेशीचे खेळाडू येतात, टीव्हीवर दिसते, दर काही वर्षांनी नावाच्या आधी नवी कंपनी लागते. आधी टायरवाले होते, मग विमेवाले, मग पंखेवाले. पण जुने लोक अजूनही तिला 'जिन्यावरची' म्हणतात, कारण ती या जिन्यावर सुरू झाली. पोटापाण्यासाठी स्नूकर खेळणारे तेव्हा मोजकेच होते. कुणी शिकवण्या करायचे, कुणी क्लबांत खेळ दाखवत हिंडायचे, आणि हिवाळ्यात सगळ्यांचेच हात रिकामे. मामंजींनी त्यांतले आठजण गोळा केले. राहायला सायकलवाल्याच्या माळ्यावर जागा दिली, जेवायला सासूबाईंच्या पंक्तीला बसवलं. करंडक करायला टाकला होता तो वेळेवर झालाच नाही, तेव्हा मामंजींनी सासूबाईंच्या कपाटातली चंदेरी फुलदाणी उचलली. तीच पुढे मुख्य करंडक झाली. दर वर्षी विजेत्याला तिची नक्कल देतात आणि मूळ फुलदाणी काचेच्या पेटीत असते. सासूबाई शेवटपर्यंत विचारायच्या, "माझी फुलदाणी परत कधी येणार आहे?"

त्या पहिल्या वर्षी फायनलला पोचले दोघे. एक सुतार, म्हणजे पूर्वी सुतारकाम करायचा म्हणून ते नाव. दुसरा शिडी. तो इतका उंच होता की लांबचा बॉल मारायला त्याला कधी आधाराची काठी लागायची नाही, टेबलावर नुसता वाकला की पोचायचा. बोलायला गोड, जेवायला संकोची. वहिनी नव्या नवरी होत्या आणि शिडी त्यांना 'वहिनी' म्हणणारा पहिला परका माणूस. तेच नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

फायनलसाठी मामंजींनी एक नंबरच्या टेबलावर कोरं कापड चढवलं, इस्त्री फिरवली. रेषा आखायची आणि ठिपके लावायचे तेवढं राहिलं होतं. इतक्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला, आणि त्याच्या मागोमाग माणसांची रीघ. आठ-दहा लोक येतील म्हटलं होतं, तर जिन्याच्या पायऱ्याही भरल्या. सगळी माणसं जिन्याच्या बाजूला, आणि काळ्याचा ठिपका नेहमी खिडकीकडे. लोक म्हणाले, "खरी मजा काळ्यापाशी असते, आम्हाला काय पाठ दाखवता?" मामंजींचा जीव माणसांत. म्हणाले, "त्यात काय, टोकं बदलू." आणि रेषा खिडकीकडे आखली, काळा जिन्याकडे लावला.

टेबल तेच, कापड तेच, फक्त खुणा पलीकडच्या टोकाला गेल्या. लोकांना काळा दिसला. लव मात्र जशी अंथरली तशीच, म्हणजे आता काळ्याकडून रेषेकडे. उभा जन्म कापडात घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही, कारण त्या वेळी त्याचं ध्यान कापडात नव्हतंच, पाहुण्यांत होतं.

शेवटच्या फ्रेमला, म्हणजे डावाला, टेबलावर एकटा काळा उरला. लांब कडेच्या मधल्या पॉकेटापासून वीतभर दूर. शिडीने हळूच लोटला आणि तो पॉकेटाच्या ओठाला लागून बाहेर थांबला. पुढचा फटका सुताराचा, आणि फुलदाणी सुताराची. फोटोवाल्याला नेमका तोच क्षण सापडला: शिडी वाकलेला, काळा पॉकेटाच्या तोंडाशी, आणि मागे जिन्यावर सगळ्यांची तोंडं उघडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी, मामंजींनी शिकवलं तसा, रेषेकडून काळ्याकडे ब्रश फिरवला तर लव उभी राहिली. त्यांना वाटलं आपलंच चुकतंय. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. तेव्हा हाक मारली, "मामंजी, हे बघता का जरा?"

मामंजींनी तळहात ठेवला.  चपला घालून तसेच माळ्यावर गेले, जिथे शिडी सामान बांधत होता. फायनल पुन्हा खेळवू म्हणाले. शिडी म्हणाला, "लोक घरी गेले काका, आता कुठून बोलावता? आणि हे कुणाला सांगू नका. पहिलीच फायनल उलट्या कापडावर झाली असं कळलं तर दुसरं वर्ष उजाडायचं नाही."

ते तिघांतच राहिलं. पण दुसऱ्या वर्षी फायनलच्या आधी मामंजींनी दोन्ही खेळाडूंना टेबलापाशी उभं केलं. "दोघंही हात फिरवून बघा आणि मला सांगा, बरोबर आहे का." तिसऱ्या वर्षीही तेच. स्पर्धा जिन्यावरून नाट्यगृहात गेली, टीव्हीचे दिवे आले, परदेशी खेळाडू आले, मामंजी थकले, कापडाचं काम वहिनी आणि त्यांचे यजमान बघू लागले. पण फायनलच्या आधी दोघांनी कापडावरून तळहात फिरवायचा हे राहिलं. टीव्हीवर समालोचक हळव्या आवाजात सांगतात की खेळाडू टेबलाला नमस्कार करतात. लहान मुलं क्लबात तसंच करतात. वहिनींनी कधी कुणाची समजूत मोडली नाही. नमस्कार म्हणून केला तरी हाताला लव कळतेच, आणि नमस्काराने कुणाचं काही बिघडत नाही.

शिडी मात्र पुन्हा फायनलला पोचला नाही. उपांत्य फेरीपर्यंत यायचा आणि थांबायचा. सोपा बॉल कुणाचाही चुकला की क्लबातली पोरं म्हणायची, "शिडीचा काळा झाला." ते ऐकलं की वहिनी हातातलं काम टाकून आत निघून जायच्या. शेवटच्या आजारात मामंजीही म्हणाले होते, "त्या पोराचं नाव माझ्या कापडाने खाल्लं."

या वर्षी स्पर्धेला चाळीस वर्षं होत होती, आणि ती गावाबाहेरच्या नव्या क्रीडासंकुलात भरणार होती. नवा व्यवस्थापक चांगला माणूस, उत्साही. स्पर्धेच्या इतिहासाची छोटी फिल्म त्याने करून घेतली होती. पहिल्या दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवायची म्हणून आधी वहिनींना दाखवायला तो हॉलमध्ये आला.

"काकू, तुमच्यापासूनच सुरुवात आहे. बघा तरी."

जिना होता, फुलदाणी होती, मामंजी हसत होते. वहिनींचे डोळे भरून आले. मग तो फोटो आला, आणि फिल्ममधला भारदस्त आवाज म्हणाला, "...आणि विजय वीतभर दूर असताना त्याचे हात थरथरले."

वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे वाक्य तेवढं खरं नाही हो."

"कोणतं?"

"हात थरथरले, ते."

"मग काय झालं होतं?" त्याने अगदी मनापासून विचारलं. "तुम्ही सांगा, मी बदलतो. फिल्म उद्या दुपारी पुढे जायचीय, तोवर वेळ आहे."

वहिनींनी चष्मा परत लावला. सांगणं जिभेवर होतं, पण ते त्यांच्या एकटीचं नव्हतं. एकदा ते वाक्य मोठ्या पडद्यावर गेलं की शिडीचे हात कायमचे थरथरलेलेच राहणार. आणि खरं सांगावं तर ज्याने गप्प राहायला सांगितलं होतं त्याला न विचारता कसं सांगायचं?

"उद्या सकाळपर्यंत कळवते," त्या म्हणाल्या.

देवापुढे हात जोडून, मन हलकं करून त्या संध्याकाळी शिडीच्या घरी गेल्या. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"या वहिनी, या. लिफ्ट बंद आहे ना? आमच्याकडे पाहुणा आला की ती बंदच पडते, तिला माणसं आवडत नाहीत." मग आत तोंड करून, "अहो, उठा. हॉलवरच्या वहिनी आल्यात."

शिडी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता. दाराच्या चौकटीत अजूनही सवयीने वाकला, जरी आता पाठीला बाक येऊन त्याची गरज राहिली नव्हती.

"वहिनी, तुम्ही जिने चढलात? मला बोलावायचं होतं."

"तुम्ही आला असता तर जिने तुम्हाला चढावे लागले असते, भाऊजी."

चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मग वहिनींनी फिल्मचं सांगितलं. ते वाक्य सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "तुम्ही हो म्हणालात तर मी त्यांना कापडाचं सांगते. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी ऐकून घेतलंत. आता स्पर्धेला कुणी हलवू शकत नाही. मामंजींनाही बरं वाटेल, जिथे असतील तिथे."

शिडीने कप खाली ठेवला. "वहिनी, कापड उलटं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"म्हणजे, दुसऱ्या दिवशी. मामंजींनी सांगितलं तेव्हा."

"नाही हो. खेळतानाच. दुसरी फ्रेम संपायच्या आत कळलं होतं."

 शिडीची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगा एकदाचं नीट. चाळीस वर्षं तो काळा बॉल आमच्या घरात राहतोय. ना कामाचा ना धामाचा."

शिडी उठला आणि आतून एक लिंबू आणि एक बटाटा घेऊन आला. टेबलावरच्या ट्रेची कड म्हणजे स्नूकर टेबलाची रबरी कड, कुशन, दोन वाट्यांमधली फट म्हणजे मधलं पॉकेट. "हे लिंबू म्हणजे पांढरा. हा बटाटा काळा. कापड कुठे ओढतंय हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. सुतार तर मधल्या पॉकेटात हळू बॉल मारेचना. आठवतं का, किती जोरात मारायचा? लोक म्हणाले काय ताकद आहे. ताकद कसली, घाबरला होता कापडाला."

"आणि तुम्ही?"

"मी उलटा हिशेब करून खेळत होतो. या बाजूला ओढणार, म्हणून त्या बाजूला सोडायचं. प्रत्येक फटक्याला मनात म्हणायचो, उलट, उलट, उलट. सगळी फायनल तशी खेळलो. आणि शेवटी हा बटाटा उरला. इतका सोपा, की मनात म्हणायचं राहूनच गेलं. हाताने आयुष्यभर केलं तेच केलं. नेहमीच्या बाजूला सोडला." त्याने लिंबू बोटाने हळूच लोटलं. बटाटा वाटीला लागून थांबला. "कापडाने फसवलं नाही मला. मला माहीत होतं. सवय आडवी आली."

"मग मामंजींना का नाही सांगितलंत?" वहिनींच्या आवाजात तक्रार होती, आणि त्या आवाजाने कधी कुणाशी तक्रार केली नव्हती.

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. एकदा तर हिला साक्षीला नेलं होतं."

"मी होते," बायको म्हणाली. "तुमचे मामंजी काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'किती चांगला आहेस रे. माझं मन राखायला स्वतःवर घेतोस.' आणि यांच्या पाठीवर हात फिरवून रडले. मग हे काय बोलणार."

वहिनींना हसू आलं. आधी थोडंसं, मग आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या आणि हसता हसता डोळे वाहू लागले. इतक्या वर्षांचं ओझं, आणि ज्याच्या नावाने वाहिलं तो इथे बटाट्याने खेळत बसलाय. मामंजी असेच होते. एकदा चूक आपली म्हणून उचलली की दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत.

"तुम्हाला लोक नावं ठेवायचे, त्याचं काहीच वाटलं नाही?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"वाटलं ना. खोटं कशाला बोलू. पण मारला मीच आणि चुकला माझाच. कापडाचं नाव पुढे केलं असतं तर पुढच्या प्रत्येक टेबलावर मी आधी कापडच शोधलं असतं." त्याने बटाटा उचलून बाजूला ठेवला. "ते थरथरल्याचं मात्र काढायला सांगा. हात दगडासारखे स्थिर होते माझे. त्याचाच तर घोटाळा झाला."

"मग काय म्हणायला सांगू?"

"काळा चुकला, म्हणावं. बस. तेवढंच झालं."

बायको दारात येऊन उभी राहिली. "आणि दुसरं सांगा की. रोज मला सांगता, त्यांना सांगायला लाजता."

"तू गप गं."

"काय ते, भाऊजी?"

शिडीने लिंबू हातात घेऊन उगाच फिरवलं. "काही नाही. एकदा तो बॉल पुन्हा मारून बघायचाय. त्याच टेबलावर. उलट्या लवेवरच. सरळ कापडावर कुणीही घालेल." मग लगेच म्हणाला, "पण त्यासाठी तुम्ही कापड काढून उलटं घालायचं, हे काही खरं नाही. जाऊ दे."

"कापड काढायला कशाला हवं?" वहिनी म्हणाल्या. त्यांना आता कामाची भाषा सापडली होती. "एक नंबरचं टेबल अजून तिथेच आहे. मामंजींनी जे त्या दिवशी केलं तेच मी करते. टोक बदलते. काळा आणि पांढरा पलीकडून मोजून ठेवला की लव तुमच्यासाठी उलटीच. सकाळी हॉल उघडायच्या आधी या. कुणी नसेल."

"हे जिने चढतील कसे?" बायको म्हणाली. "गुडघे बघा यांचे. आणि एकट्यांना बसमध्ये बसवलं तर तिसऱ्याच गावाला उतरतील, झाडं बघत."

"मी येते न्यायला. उद्याच. शब्द दिला."

"आणि चुकला तर?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"चुकला तर परत ठेवीन आणि परत मारीन. आता कोण बघतंय."

"मी बघत्येय. मीपण येणार. हा बटाटा एकदाचा घरातून जाऊ दे."

रात्री घरी पोचल्यावर वहिनींनी व्यवस्थापकाला फोन करून वाक्य सांगितलं. "काळा चुकला, एवढंच?" त्याने विचारलं. "हो, तेवढंच झालं होतं," त्या म्हणाल्या. तो जरा विचार करून म्हणाला की तसंच बरं वाटतंय, फोटोतच सगळं आहे. ही गोष्ट तिथेच मिटली.

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या. आंघोळ झाली, देवाचं झालं. यजमान संकुलात कापड ताणायला निघून गेले होते. हॉलमध्ये खिडकीतून ऊन नुकतं येत होतं आणि सहाही टेबलांवर पांघरुणं होती. त्यांनी एक नंबरचं पांघरूण काढून घडी घातली, कापडावर इस्त्री फिरवली, तिची ऊब जायला थोडा वेळ दिला. मग मोजपट्टीने जागा पाहून काळा आणि पांढरा ठेवला, मागे सरून फोटोतल्यासारखं दिसतंय का ते पाहिलं, आणि काळा किंचित सरकवला. भिंतीवरच्या क्यूंमधला सगळ्यात लांब क्यू उतरवून टेबलाला टेकवून ठेवला. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची नेऊन ठेवली, म्हणजे चढताना दम लागला तर बसता येईल.

खाली सायकलवाल्याचा नातू शटर वर करत होता. "वहिनी, एवढ्या सकाळी कुठे?"

"पाहुणे आणायला चाललेय," त्या म्हणाल्या, "वर कुणाला जाऊ देऊ नकोस," आणि पिशवी खांद्याला लावून रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेल्या.